‘जखमेची कला’ : एका ज्ञानकोश-नोंदीचं प्रकरण

मराठी विकिपीडियावरच्या एका नोंदीच्या मसुद्यात, चौथ्या परिच्छेदात, एक वाक्य होतं : ‘जखम बरी झाल्यावर तेथे जखमेची कला राहते.’ पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही टंकनातली चूक वाटेल. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा ज्याच्या कानावर दिवसभर पडतात, त्याला मात्र लगेच उलगडा होतो. कन्नडमध्ये ‘कले’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, कला आणि डाग. ‘गायद कले’ म्हणजे जखमेचा वण. (गाय म्हणजे कन्नडात जखम. कन्नड अक्षरं नुकती लावून वाचायला शिकलेला मराठी माणूस दवाखान्याच्या भिंतीवर ‘गाय’ वाचतो आणि आपण जनावरांच्या दवाखान्यात आलो काय, म्हणून दारातच थबकतो.) म्हणजे तो परिच्छेद कन्नड माहितीपत्रकातून यंत्राकरवी मराठीत आला होता, आणि आणणाऱ्यानं तो पुन्हा वाचला नव्हता.

नोंदीचं नाव ‘जखम’. ती अजून धूळपाटीवरच, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावरच होती. लिहिणारी निपाणीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याच्या जखमा स्वतः धुणारी, बांधणारी बाई. विषय तिच्या हातातला. मसुदा तपासायला घेतला बेळगावातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी, आणि वैद्यकीय बाजू पाहायला एक शल्यचिकित्सक सोबतीला. मसुदा सुमारे १९०० शब्दांचा, २१ संदर्भांचा. वरवर पाहिलं तर नोंद भक्कम दिसत होती. कलेच्या त्या एका वाक्यानं ती उसवायला घेतली.

मजकूर कुठून कुठून आला

आधी मजकुराचे उगम वेगळे काढले. शब्दाला शब्द जुळवणारी यंत्रं इथं फार उपयोगी पडत नाहीत. कन्नडातून मराठीत आलेला मजकूर त्यांना नवाच वाटतो, आणि छापील मराठी पुस्तक जालावर शोधता येण्याजोग्या रूपात नसेल तर तेही त्यांच्या जाळ्यात येत नाही. म्हणून हाताची पद्धत. प्रत्येक परिच्छेदातले आठ-दहा सलग शब्द अवतरणात टाकून शोधायचे. काही हाती लागलं नाही तर तो परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि भाषा कुठं बदलते ते ऐकायचं. चुका जपून ठेवायच्या, कारण दोन मजकूर बरोबर असण्यात सारखे असले तर काही सिद्ध होत नाही, पण दोघांची चूक एकच असेल तर नातं लपत नाही.

कन्नड उगमाची दुसरी खूण तिसऱ्या परिच्छेदात निघाली. ‘विषरोधक लावावे’ असं तिथं होतं. कन्नडात ‘नंजु’ म्हणजे विष, आणि जखम चिघळली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला तरी ‘नंजु’च. ‘नंजुनिरोधक’ म्हणजे आपलं जंतुनाशक. यंत्रानं सरळ विष धरलं. हा शब्द वरवर चालून जातो, म्हणून कलेपेक्षा घातक. सर्पदंशाच्या जखमेला ‘विषरोधक लावा’ असं कुणी वाचलं तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

पाचव्या ते आठव्या परिच्छेदाची भाषा इंग्रजी वळणाची होती. ‘जखम प्राथमिक हेतूने बरी होते’ हे वाक्य ‘प्रायमरी इंटेन्शन’चं भाषांतर. त्वचेला हेतू नसतो. टाके घालून, कडा जुळवून भरणारी जखम, आणि कडा न जुळवता तळातून भरत वर येणारी जखम, एवढाच तो भेद आहे. पुढं ‘दररोज पोशाख बदलावा’ असं होतं, म्हणजे ड्रेसिंग. गंमत अशी, की हीच बाई रोज पन्नासदा ‘ड्रेसिंग करायचंय, बसा’ म्हणत असणार. लिहायला बसल्यावर हातातला शब्द टाकून कोशातला उचलला, आणि कोश चुकीच्या पानावर उघडला. या चार परिच्छेदांचा उपशीर्षकांसह क्रम इंग्रजी विकिपीडियातल्या नोंदीशी जुळत होता, आणि २१ पैकी ११ संदर्भ तिथूनच जसेच्या तसे आले होते.

तिसरा उगम सापडायला सगळ्यात वेळ लागला. ‘उपचार’ या भागाची मराठी अचानक घोटीव झाली होती : ‘जन्तुसंसर्ग’, ‘रक्तबिंबिका’, ‘तद्नंतर’. मध्येच ‘सुरीचा खोल धाव’. घाव. छापील पान स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतली की घ आणि ध यांची हमखास गल्लत होते. टंकन करणाऱ्या माणसाचा हात अशी चूक सहसा करत नाही. त्यात ‘मर्क्युरोक्रोम लावावे’ असा सल्ला. घराघरातलं ते लाल औषध. पाऱ्याचं संयुग असलेलं हे औषध आजच्या कुठल्याही वैद्यकीय मार्गदर्शिकेत जखमेसाठी सापडणार नाही. म्हणजे मजकूर काही दशकं जुन्या छापील मराठी कोशातला. ग्रंथालयात जाऊन खंड उघडला तेव्हा सलग तीन परिच्छेद सापडले, स्वल्पविरामासकट.

चौथा उगम होता तिचा स्वतःचा अनुभव. त्याला संदर्भ नव्हता. आणि खरं सांगायचं तर मसुद्यातला सगळ्यात चांगला गद्याचा तुकडा तोच होता.

‘पण खाली संदर्भ दिलाय की’

उगम दाखवल्यावर तिचा पहिला प्रश्न हाच होता : “सर, खाली संदर्भ दिलाय की. मग चोरी कशी?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि मराठी लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो पडतो. संदर्भ सांगतो, की ही माहिती कुठं मिळते. शब्द कुणाचे हे तो सांगत नाही. दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी घेऊन शेवटी आकडा टाकला, तर वाचक समजतो की माहिती त्या पुस्तकातली आणि मांडणी या लेखिकेची. ती समजूत खोटी ठरते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. शब्द स्वतःचे हवेत, आणि दावा मात्र स्वतःचा नको. या मसुद्यात नेमकं उलटं झालं होतं : शब्द उसने, आणि जिथं शब्द तिचे होते तिथं दावाही तिचाच.

तिन्ही उगमांची कायद्याच्या अंगानं वाट वेगवेगळी लागते.

कन्नड माहितीपत्रक. सीमाभागात एक समज घट्ट आहे : कानडीतलं मराठीत आणलं म्हणजे ते आपलंच झालं. प्रताधिकार अधिनियम १९५७, कलम १४ प्रमाणे भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कदाराकडे राहतो. भाषा बदलल्यानं मालकी बदलत नाही. पत्रकावर मुक्त परवाना छापलेला नव्हता, म्हणून त्यावरून केलेले परिच्छेद पूर्ण काढले. पत्रकातली तथ्यं वापरायला आडकाठी नव्हती, कारण तथ्यावर आणि कल्पनेवर प्रताधिकार नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात हेच स्पष्ट केलं : संरक्षण मिळतं ते मांडणीला.

इंग्रजी विकिपीडिया. इथं भाषांतराला मुभा आहे, कारण परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढं वाटा असा. पण मुभा सशर्त आहे. संपादन सारांशात, म्हणजे बदल साठवताना लिहायच्या टिपेत, मूळ पानाचं नाव आणि दुवा देऊन ‘यावरून भाषांतर’ असं लिहावं लागतं. ते नसेल तर मुक्त मजकुराचीसुद्धा चोरी होते. इथं ती एक ओळ राहिली होती. पानाच्या इतिहासात पुढच्या संपादनाबरोबर ती नंतरही जोडता येते, तशी जोडली. त्या ११ संदर्भांचं दुखणं मात्र या ओळीनं जात नाही. भाषांतरकर्तीनं ते उघडलेले नव्हते, आणि न वाचलेला संदर्भ देणं म्हणजे ज्याला कधी भेटलो नाही त्याची साक्ष काढणं.

छापील कोश. शासनानं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचा प्रताधिकार, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. म्हणजे १९७७ साली छापलेला सरकारी खंड २०३७ संपेपर्यंत मोकळा होत नाही. खासगी लेखकाच्या बाबतीत ही ६० वर्षं त्याच्या मृत्यूनंतर मोजायची. पुस्तक ग्रंथालयात सगळ्यांना उघडं आहे, म्हणून मजकूरही सगळ्यांचा, असं होत नाही. याउलट ज्याचा प्रताधिकार संपून गेलाय ते विसाव्या शतकाच्या पहिल्या पावातलं पुस्तक शब्दशः उचलायची कायद्याची परवानगी असली, तरी जखमेच्या उपचारासाठी ते उचलू नये. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. त्याआधीचा वैद्यकीय मजकूर इतिहास म्हणून वाचावा.

एक वाक्य, तीनदा

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुनर्लेखनात, म्हणून त्यातलं एकच वाक्य जवळून बघू.

मसुद्यात, छापील कोशाच्या वळणावर, असं होतं : ‘जखमेच्या ठिकाणी रक्तवाहिन्यांचे आकुंचन होऊन रक्तस्राव थांबतो व तद्नंतर रक्तबिंबिका एकत्र येऊन गुठळी तयार करतात.’

सांगितल्यावर तिनं बदललं : ‘जखमेच्या जागी रक्तवाहिन्या आकसून रक्त वाहणे बंद होते आणि मग बिंबाणू गोळा होऊन गाठ बनवतात.’

जवळजवळ सगळे शब्द बदलले, सांगाडा तोच. जागा, मग वाहिन्या, मग थांबणं, मग पेशी, मग गाठ. प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी आणून बसवला की ते पुनर्लेखन होत नाही, नुसतं कापड रंगवणं होतं. शिवाय एक गोष्ट सुटून गेली : मूळ वाक्यच तथ्याला धरून नाही. वाहिन्या आकसल्यानं रक्ताचा जोर कमी होतो. भगदाड बुजवतात ते बिंबाणू (प्लेटलेट्स), आणि त्यावर फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं बसतं तेव्हा ती बूच टिकते. शब्द बदलणारा माणूस चूकही इमानदारीनं पुढं नेतो.

मग पद्धत बदलली. दोन चालू शल्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला तोच भाग वाचायचा. पुस्तकं मिटायची. कागदावर वाक्यं न लिहिता सुटे शब्द टाकायचे : आकसणं, बिंबाणू, फायब्रिन, मिनिटं. पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम करायचं. मग वाचकाचा प्रश्न लिहायचा, इथं तो होता ‘दाबून धरल्यावर रक्त का थांबतं?’, आणि त्याचं उत्तर लिहायचं. आलेलं वाक्य असं :

‘कापल्यावर पहिली काही मिनिटं दाबून धरायला सांगतात, कारण रक्त थांबायला वेळ लागतो : फुटलेली वाहिनी आकसून प्रवाह मंदावते, तेवढ्यात बिंबाणू कडेला चिकटून भोक बुजवतात, आणि फायब्रिनच्या धाग्यांनी ती बूच पक्की होते.’

शेवटी पुस्तकं पुन्हा उघडून तथ्य पडताळायचं आणि संदर्भ तेव्हाच लावायचा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून लिहिलं, की सांगाडा न कळत परत येतो.

८० टक्के, सहा तास आणि डुकराची कातडी

आता संदर्भ. प्रत्येकापुढं दोनच प्रश्न ठेवले : उघडून वाचलाय का, आणि त्यात हेच म्हटलंय का? २१ पैकी ९ दोन्हीतून पार झाले.

मसुद्यात वाक्य होतं : ‘भरलेल्या जखमेची ताकद मूळ त्वचेच्या ८० टक्क्यांपर्यंतच पोचते’, आणि संदर्भ १९६५ सालच्या एका शोधनिबंधाचा. आकडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, चुकीचा नाही. पण तिनं तो वाचला होता पाठ्यपुस्तकात, आणि पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेतला निबंध उचलून स्वतःच्या नोंदीत लावला. निबंध उघडला असता तर शीर्षकातच दिसलं असतं, की प्रयोग उंदरांच्या त्वचेवरचे आहेत. दुरुस्ती दोन ठिकाणी केली. संदर्भ पाठ्यपुस्तकाचा दिला, जे खरंच वाचलं होतं, आणि वाक्यात ‘उंदरांवरील प्रयोगांवरून’ हे दोन शब्द घातले.

‘जखम सहा तासांच्या आत शिवली पाहिजे’ या वाक्याचं मूळ त्याहून जुनं. १८९८ साली जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख यांनी गिनीपिगच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यातली धूळ घालून पाहिली, आणि साधारण सहा तासांच्या आत दूषित भाग कापून काढला तर संसर्ग टळतो असं त्यांना दिसलं. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज शल्यचिकित्सक घड्याळाइतकंच जागा, माती, रक्तपुरवठा आणि जखम कशानं झाली हे बघतो. चेहऱ्याची जखम त्याहून उशिराही शिवतात, चावलेली जखम लवकर येऊनही बरेचदा लगेच शिवत नाहीत. नोंदीत ‘सहा तास’ ठेवले, पण नियम म्हणून ठेवले नाहीत. त्या आकड्याचा इतिहास म्हणून ठेवले.

‘ओली जखम लवकर भरते’ या वाक्याला संदर्भ १९६२ चा, ‘नेचर’मधला, जॉर्ज विंटर यांचा. त्यांनी कोवळ्या डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचं पातळ आवरण ठेवलं, आणि उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानं पसरली. निबंध बरोबर, शब्द घोटाळ्याचा. ‘ओली जखम’ म्हटल्यावर भाताच्या रोपलावणीत दिवसभर चिखलात उभी राहणारी खानापूरकडची बाई काय समजेल? आवरणाखाली स्वतःच्याच स्रावानं ‘ओलसर’ राहिलेली जखम, असं लिहावं लागलं.

धुण्याच्या पाण्याचंही असंच. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्याचा (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्याचा) संदर्भ देऊन मसुदा म्हणत होता : ‘नळाच्या पाण्याने धुतल्यास जंतुसंसर्ग होत नाही.’ आढाव्याचं म्हणणं एवढंच होतं, की ताज्या जखमा नळाच्या पाण्यानं धुतल्या म्हणून संसर्ग वाढतो किंवा घटतो असा पुरावा नाही. आणि पाणी पिण्याजोगं हवं. ‘होत नाही’ आणि ‘वाढतो असा पुरावा नाही’ यांच्यामधलं अंतर आठवडाभर हौदात साठवलेल्या पाण्यानं घाव धुणाऱ्या घरात फार मोठं आहे.

वैद्यकीय नोंदीसाठी म्हणून साधा क्रम धरला : मार्गदर्शिका आणि पद्धतशीर आढावे आधी, चालू आवृत्तीची पाठ्यपुस्तकं त्यामागून, सुटे शोधनिबंध फक्त इतिहास सांगताना. वर्तमानपत्रातला आरोग्यविषयक लेख नाहीच. मसुद्यातलं ‘प्रत्येक जखमेनंतर किंवा सहा महिन्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे’ हे वाक्य अशाच एका लेखातून आलं होतं, आणि गावोगाव लोक तेच मानतात. मूळ मात्रा पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेत शेवटच्या मात्रेला १० वर्षं उलटली असतील तर, आणि माती-शेणानं भरलेल्या किंवा खोल जखमेत ५ वर्षं उलटली असतील तर वर्धक मात्रा, असा प्रचलित मार्गदर्शिकांचा धागा आहे. भारताच्या लसीकरणात ‘टीटी’ची (नुसत्या धनुर्वाताच्या लसीची) जागा ‘टीडी’नं (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींच्या लसीनं) घेतली आहे, तेही मसुद्यात नव्हतं. कुत्रा चावल्याच्या जखमेसाठी छापील कोशातून ‘डागावे’ आलं होतं, ते तत्काळ उडवलं. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि दवाखाना.

दगडी पाला

वाद पेटला तो इथं. शेवटच्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं : ‘सीमाभागात शेतात कापले असता दगडी पाल्याचा रस पिळतात, रक्त लगेच थांबते व जखम चिघळत नाही. सुश्रुतकाळापासून हा उपाय प्रचलित आहे.’

“सर, आमच्याकडं सगळेच लावतात की. मी स्वतः बघितलंय. त्याला कुठला संदर्भ आणू?”

“सिस्टर, लावतात हे तुम्ही बघितलंय. चिघळत नाही हे कसं बघितलं? ज्यांची चिघळली नाही ते तुमच्याकडं आलेच नसतील.”

त्या दोन ओळींत तीन दावे आहेत, आणि तिघांना तीन प्रकारचे पुरावे लागतात.

लोक वापरतात, हा पहिला. त्याला लोकवनस्पतीविषयक छापील नोंद पुरते. अशा नोंदी शोधण्याजोग्या जागा आहेत. बेळगावातच आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’चे अंक खुले आहेत. छापील नोंद मिळेपर्यंत वाक्य नोंदीत न घालता तिच्या चर्चापानावर ठेवायचं.

गुण येतो, हा दुसरा. इथं माणसांवरच्या चांगल्या चाचण्या हव्यात. या वनस्पतीवर प्राण्यांत प्रयोग झालेले आहेत. त्यावरून फार तर ‘प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत’ एवढंच लिहिता येतं.

सुश्रुतकाळापासून, हा तिसरा, आणि हा सरळ खोटा. दगडी पाला, कुठं एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात ती, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली. युरोपीय जहाजं ये-जा करू लागल्यानंतरच ती इकडं पोचली असणार. सुश्रुताला ती माहीत असणं शक्य नाही. आज ती बांधावर, पांदीत, एसटी स्टँडमागं इतकी माजलेली दिसते की आजीच्या आजीपासून इथलीच वाटते. परंपरा जुनी वाटणं आणि जुनी असणं यांत कधी कधी दोन हजार वर्षांचा फरक पडतो.

हळदीचं उदाहरण इथं उपयोगी पडलं. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. आमच्याकडं घरोघर हळद भरतात, एवढं म्हणून भागलं नसतं. सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संशोधन परिषदेनं ३२ लेखी संदर्भ काढले. त्यांत संस्कृत ग्रंथांतले उतारे होते आणि ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला १९५३ सालचा लेखही. १९९७ साली दावे रद्द झाले. ही गोष्ट मराठीत नेहमी ‘हळद सिद्ध झाली’ अशा सुरात सांगितली जाते, मसुद्यातही तशीच होती. पेटंट रद्द झालं ते वापर नवा नव्हता म्हणून. हळदीनं जखम किती भरते, हा प्रश्न त्या प्रकरणात निकाली निघालेलाच नाही. त्या ३२ संदर्भांनी ‘वापरतात’ सिद्ध केलं. ‘लागू पडतं’ हा वेगळा दावा.

बरोबरचं चिन्ह

सुश्रुताचा दुसरा प्रसंग जास्त नाजूक. चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणाचे, म्हणजे ताज्या जखमांचे सहा प्रकार येतात : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. मसुद्यात याचा तक्ता होता. डावीकडं हे सहा, उजवीकडं आधुनिक सहा, मध्ये बरोबरचं चिन्ह. डाव्या बाजूला संहितेचा संदर्भ, उजव्या बाजूला पाठ्यपुस्तकाचा. मधल्या चिन्हाला मात्र कुणाचाच नाही. ती जोडणी लेखिकेची. दोन खरे संदर्भ एकत्र ठेवून तिसराच निष्कर्ष काढणं हे मूळ संशोधनच झालं, आणि ज्ञानकोशात ते चालत नाही.

आणि जोडणी टिकतही नव्हती. ‘घृष्ट = खरचटणे’ ठीक. पण ‘भिन्न = टोचलेली जखम’? संहितेत भाल्यासारख्या शस्त्रानं पोटातला एखादा आशय (पोकळ अवयव) फुटतो त्याला भिन्न म्हटलंय. बारीक टोकानं आशय सोडून इतर अंगात घुसलेलं ते विद्ध. म्हणजे सुश्रुताचा भेद आतलं काय फुटलं यावर आहे, आणि उजवीकडचा भेद बाहेरून कडा कशी दिसते यावर. ‘क्षत’ तर मधलं, धड छिन्नही नाही आणि धड भिन्नही. तक्ता काढला. सहा प्रकार त्यांच्या व्याख्यांसह ‘इतिहास’ या भागात ठेवले, तुलना न करता.

जाता जाता, ‘व्रण’ या शब्दानं अख्ख्या नोंदीत गोंधळ घातला होता. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. वैद्यकीय मराठीत जठरव्रण म्हटलं की आतलं क्षत. आणि बोलताना ‘कपाळावर व्रण आहे’ म्हणजे जुना डाग, वण. मसुद्यात एकाच परिच्छेदात ‘व्रण भरतो’ आणि ‘व्रण राहतो’ दोन्ही. नियम ठरवला : चालू मजकुरात जखम आणि वण, ‘व्रण’ फक्त सुश्रुताच्या भागात.

फोटो

तिच्याकडं एक अस्सल गोष्ट होती, स्वतः काढलेला फोटो. उसाला धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीवर बसलेला कोयत्याचा तिरका घाव, धुतलेला, कडा स्वच्छ. कापलेल्या जखमेचं यापेक्षा चांगलं चित्र मिळणं कठीण. हक्क तिचा, कुणाकडून उचललेला नाही.

पण त्या ऊसतोड बाईच्या मनगटावर गोंदण होतं, नवऱ्याच्या नावाचं. तिची ऊसतोडीची टोळी ज्या गावची त्या गावात ते नाव पुरेसं आहे. कातरून गोंदण काढता आलं असतं, तरी रुग्णाची संमती तोंडी होती, आणि ती ‘दवाखान्यासाठी’ होती. मुक्त परवान्याचा फोटो एकदा चढवला की परवाना मागं घेता येत नाही. तो जाहिरातीतही जाऊ शकतो, पाठ्यपुस्तकातही. हे सगळं त्या बाईला तिच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यायला हवी होती, आणि टोळी फेब्रुवारीअखेर गाव सोडून गेली होती.

फोटो चढवला नाही. त्या जागी आता दुसरा आहे, पांढऱ्या पोत्यावर ठेवलेला कोयता : आत वळलेलं पातं, धारेपाशी चकाकणारं, आणि मुठीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी.